भिंतीच्या आत काय आहे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधे आमच्या जिन्याच्या भिंतीचं प्रकरण झालं आणि त्यात दोन महिने कसे गेले कळलंच नाही. नाशिकच्या वन्संनी फोनवर दोनदा विचारलं, "वहिनी, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नाही. पण जे झालं त्यात माझाही वाटा होता, आणि स्वतःच्या चुकीबद्दल लिहायचं म्हटलं की हात जरा जडच होतो.

सुरुवात मात्र गमतीची आहे. माझी नात इंजिनियर झाली आणि बाणेरच्या एका ऑफिसात लागली. काय काम करतेस विचारलं तर म्हणाली, "आजी, मी बिम करते." मी आपलं कॉलम-बीममधलं बीम समजले. म्हटलं, छान, म्हणजे साइटवर जावं लागत असेल, उन्हाची टोपी घालत जा. ती हसून लोळायची बाकी राहिली. मग कळलं की बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. इमारत उभी राहण्याआधी ती संगणकात संपूर्ण बांधायची. नुसतं सुंदर चित्र नव्हे, तसली चित्रं बिल्डरच्या ब्रोशरमध्ये असतात, त्यात झाडंही असतात. हे वेगळं. यात भिंतीवर बोट ठेवलं की ती भिंत आपली सगळी कुंडली सांगते: विटांची की ब्लॉकची, किती जाडीची, आतून कोणता पाइप गेलाय, वायर कुठून वळलीय, कुणी माल पुरवला, गॅरंटी कधी संपते.

मी विचारलं, यात आणि नकाशात फरक काय? नकाशातही भिंत दाखवतातच की. तिने समजावलं ते मला माझ्याच विषयातून कळलं. कागदावरच्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. त्या रेघांना आपण भिंत आहोत हे माहीतच नसतं. खिडकी सरकवायची ठरली तर प्लॅनमध्ये वेगळी खोडा, समोरच्या दर्शनी चित्रात वेगळी खोडा, विटांचा हिशेब पुन्हा करा. एका कागदावर खोडायचं राहिलं की झाला घोटाळा. मॉडेलमध्ये खिडकी एकदा सरकवली की सगळीकडे सरकते, विटासुद्धा मोजून कमी-जास्त होतात. म्हणजे आपला कर्तरी प्रयोग. मुलगा गेला, मुलगी गेली, मुलं गेली. कर्ता बदलला की क्रियापद आपोआप बदलतं. तीस वर्षं शाळेत हेच शिकवलं, त्यामुळे पटकन पटलं. नातीने ही उपमा ऑफिसात सांगितली म्हणे.

दुसरी गोष्ट तिने दाखवली ती टक्करीची. पाण्याचं काम करणाऱ्याने पाइप काढला, एसीवाल्याने त्याची नळी काढली, दोघांनी आपापल्या ठिकाणी बरोबरच काढलं, पण छताखाली दोन्ही एकमेकांतून आरपार जातात. मॉडेलमध्ये ती जागा लाल होते. साइटवर तीच गोष्ट स्लॅब पडल्यावर कळते, मग छिन्नी-हातोडा आणि शिव्या.

हे ती कुणासाठी करते? इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलसाठी. तिकडच्या केंद्र सरकारने एप्रिल २०१६ पासून आपल्या पैशातून होणाऱ्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली. तेव्हा तिकडे लागणारी मॉडेलं इकडे बाणेरला, हिंजवडीला बसून आपली मुलं तयार करतात. तिकडच्या हॉस्पिटलचा तिसऱ्या मजल्यावरचा प्रत्येक नळ तिला पाठ आहे. ती स्वतः राहते मोशीला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिथल्या बाथरूमचं पाणी खालच्यांकडे गळतं आणि ते नेमकं कुठून गळतं हे बिल्डरलाही सांगता येत नाही.

आपल्याकडे हे अजिबात नाही असं मात्र नाही. नागपूर मेट्रोने सुरुवातीपासून पाच मितींचं बिम वापरलं. तीन मिती म्हणजे लांबी-रुंदी-उंची, चौथी वेळ, पाचवी पैसा. अमुक तारखेला कुठला खांब कुठवर आला पाहिजे आणि त्यावर तोवर किती खर्च झाला, हे एकाच चित्रात दिसतं. तीच कंपनी पुढे २०१७ मध्ये महामेट्रो झाली आणि आपल्या पुणे मेट्रोचं कामही तिच्याकडेच आलं. पिंपरी ते फुगेवाडी मार्ग ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये तो सिव्हिल कोर्टापर्यंत गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत. सिव्हिल कोर्टाच्या स्टेशनात मी मुद्दाम उतरून पाहिलं. आमची पिंपरीहून येणारी गाडी जमिनीखाली, वनाजहून येणारी वर पुलावर, आणि खालचं स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल. दहा मजली इमारत उलटी पुरावी तसं. सरकत्या जिन्यावर उभी राहून मी विचार करत होते की इथे एका पाइपची जागा चुकली असती तर काय करणार होते हे लोक? गवंड्याच्या नजरेवर असली कामं होत नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं असं नाही की हे तंत्र आपल्याला येत नाही. येतं. मेट्रोला येतं, परदेशातल्या हॉस्पिटलांसाठी येतं. फक्त आपण जिथे झोपतो त्या घरापर्यंत ते पोचत नाही. आणि हे पिंपरी-चिंचवडमध्ये व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण आमचं गाव ड्रॉइंगवर जगतं.

आमचे हे भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होते. घरी आले की अंगाला कटिंग ऑइलचा वास आणि खिशात व्हर्नियर. त्यांच्याकडे एखादा साधा बुश करायचा असला तरी ड्रॉइंगशिवाय मशीन सुरू होत नसे. आणि त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर. कंपनीने मोजमाप बदललं की नवा नंबर, जुना कागद परत मागवून शिक्का मारून रद्द करायचा. एकदा कुणीतरी जुन्या रिव्हिजनच्या कागदावरून अख्खी लॉट काढली आणि ती भंगारात गेली, तर यांना दोन रात्री झोप नव्हती. खरं तर चूक यांची नव्हतीच.

पिंपरी, आकुर्डी, भोसरी, आणि आता चाकण-तळेगाव, या सगळ्या पट्ट्यात हीच शिस्त आहे. १९९८ साली टाटांची इंडिका आली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते, कारण चार घरांतले लोक तिथे कामाला. त्या गाडीच्या प्रत्येक भागाचा नंबर होता. आज वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा दिव्याचा होल्डर पाहिजे असेल तर दुकानदार नंबर विचारतो आणि काढून देतो. आणि ज्याने दिवसभर तो होल्डर दहा मायक्रॉनच्या हिशेबात तपासला, तो संध्याकाळी ज्या घरी येतो त्या घराच्या भिंतीत खिळा मारायचा तर देवाचं नाव घेऊन मारतो. दोन-चार लाखांच्या गाडीची कुंडली जपून ठेवलेली, आणि जन्माची पुंजी घालून घेतलेल्या घराची नाही! हा उलटा न्याय मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेला नाही.

आता आमच्या भिंतीकडे येते.

आमची सोसायटी १९९३ ची, चिंचवडची. तीन मजली, दोन विंग, लिफ्ट नाही. मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते, कारण निवृत्त बाई म्हणजे फुकटची माणूस असा सगळ्यांचा समज. या पावसाळ्यात ए विंगच्या जिन्याची भिंत ओली व्हायला लागली. प्लंबर बोलावला. तो माझाच जुना विद्यार्थी. सातवीत माझ्याकडे होता, निबंधात कायम "पावसाळ्यातील एक दिवस" लिहायचा, विषय कोणताही असो. आता चाळिशी ओलांडली, दोन मुलं आहेत, पण अजून "बाई" म्हणूनच हाक मारतो.

ड्रेनेजचा पाइप भिंतीत नक्की कुठून उतरतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने अंदाजाने दोन ठिकाणी फोडलं, पाइप नाही. तिसऱ्या ठिकाणी फोडायच्या आधी त्याने रीतसर ए विंगच्या कॉमन मीटरचं मेन बंद करायला लावलं. मी स्वतः खाली जाऊन बंद झाल्याचं पाहिलं. तो स्टुलावर चढला, ब्रेकर लावला, आणि दुसऱ्या क्षणी खाली फेकला गेला.

त्या भिंतीतून एक वायर जात होती ती ए विंगची नव्हतीच. टाकीचा पंप २००१ साली बदलला तेव्हा कुणा इलेक्ट्रिशियनने बी विंगच्या मीटरवरून लाइन ओढून ती ए विंगच्या जिन्यातून गच्चीवर नेली होती. भिंत कोरून, वर प्लास्टर मारून, रंग देऊन. काम सुबक होतं. कुठे लिहिलेलं मात्र नव्हतं.

तो वाचला. तळहात भाजला, खांदा निखळला, दोन दिवस दवाखान्यात आणि सहा आठवडे काम बंद. मी भेटायला गेले तर म्हणतो, "बाई, तुम्ही कशाला आलात एवढं जिने चढून?" त्याच्या बायकोने चहा केला. ती काही बोलली नाही. तिने काही बोलावं असं मला वाटत होतं.

माझा वाटा कुठे, तर इथे. २००९ साली सोसायटीचं ऑफिस आवरलं. कपाटावर ब्लू प्रिंटच्या चार-पाच गुंडाळ्या होत्या, अमोनियाच्या वासाच्या त्या जुन्या निळ्या. दोन वाळवीने खाल्लेल्या, बाकीच्या पिवळ्या पडलेल्या. कमिटीने ठरवलं, रद्दी. सही माझी. पंपाच्या वायरीची पावती आणि त्या इलेक्ट्रिशियनने काढून दिलेला एक कागद त्याच कपाटात फाइलला होता असं आता जुने खजिनदार सांगतात. तो कागद गुंडाळ्यांबरोबरच गेला असणार. रद्दीचे किती आले ते हिशेबाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. शंभराच्या आतली रक्कम आहे.

हे सगळं नातीला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "म्हणून तर मॉडेल पाहिजे आजी." मला आधी रागच आला. मॉडेल असतं तर मी तेही रद्दीत दिलं नसतं कशावरून?

आणि हा प्रश्न गंभीर आहे, उगाच वाद म्हणून नाही विचारला. माझ्याकडे २००३ साली श्रीलिपीत टाइप केलेले शाळेच्या आठवणींचे सत्तरएक पानांचे कागद एका सीडीवर होते. आज उघडले तर चौकोन आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा बरहावर लिहायला लागलेल्या आपल्यासारख्यांना हे दुःख सांगायला नको. युनिकोड आलं, फाँट कुठलाही असो अक्षर तेच राहू लागलं, तेव्हा कुठे आपण एकमेकांचं वाचू शकलो. मग बिल्डरने आज एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं मॉडेल वीस वर्षांनी आमच्या चिंचवडच्या सोसायटीत कोण आणि कशावर उघडणार? नात म्हणाली त्यालाही युनिकोडसारखी तोड आहे, आयएफसी नावाची. कुठल्या एका कंपनीची मालकी नसलेली मांडणी, आंतरराष्ट्रीय मानक झालेली. मॉडेल त्या रूपात घेतलं तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतं. थोडंफार इकडेतिकडे होतं म्हणे, पण चौकोन दिसत नाहीत.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. मॉडेल सांगतं पाइप कुठून जायला हवा. तो खरंच तिथून गेलाय का, हे साइटवरच्या माणसालाच माहीत. कॉलम आडवा आला म्हणून त्याने अर्धा फूट वळवला आणि कुणाला सांगितलं नाही, तर मॉडेल खोटं बोलतं. आणि खोटा नकाशा नकाशा नसण्यापेक्षा वाईट. नकाशा नसला तर माणूस भीत भीत फोडतो, असला तर बिनधास्त. त्या माणसाने सांगावं कसं? तो बिहारचा, बंगालचा नाहीतर आपल्या मराठवाड्याचा, आणि मॉडेलमधली सगळी नावं इंग्रजीत. ज्याच्या हातात पाइप आहे त्याला ते वाचताही येत नाही. निदान प्लंबरला द्यायच्या चित्रावर मराठी-हिंदी नावं टाकायला काय हरकत आहे? मी नातीला म्हटलं शंभर शब्दांची यादी मी करून देते. चालू केलीय. 'राइजर'ला अडलेय, प्लंबरच्या तोंडी काय आहे ते विचारणार आहे.

खर्चाचं रडगाणं तर आहेच. एक बिल्डरच्या ऑफिसातले ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे सगळं ग्राहकाच्या डोक्यावर बसेल." बसू दे की. क्लब हाउस आणि इटालियन टाइल्स डोक्यावर बसतातच.

म्हणून मला काय हवं ते सरळ सांगते. रेरा कायदा २०१६ चा. त्यातलं १७वं कलम म्हणतं की भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे बिल्डरने रहिवाशांच्या संस्थेच्या हवाली करायचे, आणि त्यासाठी स्थानिक कायदा नसेल तर तीस दिवसांत. १४वं कलम म्हणतं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. चांगलं आहे. पण "आवश्यक" म्हणजे काय? बहुतेक सोसायट्यांना मिळतात ते मंजुरीचे नकाशे, म्हणजे जे बांधायचं ठरलं होतं ते. भिंतीच्या आत प्रत्यक्षात काय घातलं ते नाही. मोठ्या प्रकल्पांत बिल्डर स्वतःच्या सोयीसाठी मॉडेल करतात, टक्करी टाळतात, सिमेंट-सळईचा हिशेब करतात, आणि काम झालं की ते मॉडेल त्यांच्याच ऑफिसात राहतं. ज्यांनी पैसे भरले त्यांच्या हाती चावी आणि एक लाडूचा डबा. ते मॉडेल, प्रत्यक्ष कामाप्रमाणे दुरुस्त केलेलं, आयएफसीत, सोसायटीला मिळालं पाहिजे. एक प्रत महापालिकेत राहिली पाहिजे, म्हणजे माझ्यासारख्या सेक्रेटरीने रद्दीत टाकलं तरी मूळ शिल्लक राहील. आणि कुणी भिंत कोरली तर त्याची नोंद त्यात झाल्याशिवाय सोसायटीने बिल देऊ नये. यांच्या वर्कशॉपात नव्या रिव्हिजनशिवाय माल बाहेर जात नसे, तसंच.

यावर माझे भाऊ म्हणाले, "ताई, महापालिकेवर तुझा फार विश्वास." त्यांचंही खरं आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० साली पाडले, कारण त्याच जागी मेट्रो आणि दुमजली पूल यायचा होता. जेमतेम दीड दशकाचे पूल. पाइप आणि वायरीची टक्कर संगणक लाल करून दाखवतो. एका ऑफिसची दुसऱ्या ऑफिसशी होणारी टक्कर दाखवणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही, आणि निघालं तरी ते कोण विकत घेणार? पण तरीही मला वाटतं, नोंद असली की निदान भांडता येतं. माझ्याकडे नोंद नव्हती म्हणून मी त्या प्लंबरच्या बायकोसमोर गप्प बसले.

सोसायटीच्या सभेत दवाखान्याचं बिल देण्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. सहा आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीवर मात्र दीड तास चर्चा झाली. "तो कॉन्ट्रॅक्टवर आला होता", "त्याने टेस्टर लावायला हवा होता", वगैरे. टेस्टर कुठे लावणार, प्लास्टरला? शेवटी मी रद्दीची हिशेबाची वही वाचून दाखवली, तारीख आणि सही सकट. मग ठराव झाला. निम्मे सोसायटीने दिले, निम्मे मी. मुलाला हे अजून सांगितलेलं नाही, इथेच वाचेल.

त्यानंतर यांच्या डायऱ्या काढून बसले होते. १९९३ च्या डायरीत, जूनच्या पानांवर, आमच्या फ्लॅटच्या चारही खोल्यांच्या भिंती पेन्सिलीने काढलेल्या सापडल्या. प्लास्टर व्हायच्या आधी हे रोज संध्याकाळी कामावरून सायकलने इथे येत आणि फूटपट्टी लावून मोजत. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, वायर कुठे वळते, पाइप कुठे जोडलाय. खाली बारीक अक्षरात "रिव्हिजन २". त्यात फक्त आमचा फ्लॅट आहे, जिना नाही. जिना कुणाचाच नव्हता.

मागच्या सोमवारी तो पुन्हा कामावर आला. खांदा अजून पूर्ण वर जात नाही, म्हणून बरोबर भाच्याला आणलं होतं. गळका पाइप सापडला, बदलला, पंपाची वायर इलेक्ट्रिशियनकडून वेगळ्या पट्टीतून उघड्यावर घेतली. प्लास्टर करायच्या आधी त्याने भाच्याला टेप धरायला लावला आणि मला हाक मारली, "बाई, मोबाइल आणा. टेप लावून फोटो काढा, मग बुजवतो." अकरा फोटो काढले. नातीला पाठवलेत. तारीख घालून प्रिंट काढून फाइलला लावायचेत, एक संच बी विंगच्या कपाटात ठेवायचा आहे.